धावड्याच्या डिंकाची बॅटरी

मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं ते दोन हजार तीन साली. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि घरात पहिला मोबाइल येऊन तीन आठवडे. मोबाइल नवऱ्याचा. तो सिंचन खात्यात नोकरीला होता, आणि मूल या आमच्या गावात रेंज मिळावी म्हणून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभा राहायचा. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्या मला एरवी नावाने हाक मारत, राग आला की 'मॅडम' म्हणत.

माझे गाइड नागपूरला होते. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी स्वतःच्या मोबाइलची बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ह्याच्या आत काय आहे?"

मी लिथियमचे आयन, ऋण ध्रुव, धन ध्रुव, सगळं घडाघडा सांगितलं.

"ते पुस्तकात आहे," ते म्हणाले. "आत तांब्याची कागदाहून पातळ पत्री आहे. तिच्यावर ग्राफाइटची काळी पूड थापलेली आहे. बॅटरी चार्ज होताना पूड फुगते, उतरताना आकसते. हे रोज चालतं. पूड पत्रीवरून सुटली की बॅटरी संपली. तिला धरून ठेवतो तो बाइंडर. बॅटरीतलं सगळ्यात दुर्लक्षित पात्र. त्याच्याकडे तुम्ही लक्ष द्या."

त्या वेळी बाइंडर म्हणून जे प्लास्टिक वापरत, ते बाहेरून यायचं आणि एका उग्र, अपायकारक द्रावणातच विरघळायचं. डॉक्टरसाहेबांना पाण्यात विरघळणारं काहीतरी हवं होतं. "जंगलात राहता ना तुम्ही? शोधा तिथेच," असं म्हणून त्यांनी बॅटरी परत मोबाइलमध्ये बसवली. मूल हे जंगल नाही, भाताच्या गिरण्यांचं गाव आहे, हे नागपूरच्या माणसाला समजावण्यात काही अर्थ नव्हता.

कॉलेजची प्रयोगशाळा सुटीतही वापरता यावी म्हणून मी प्राचार्यांकडे अर्ज केला. विषय लिहिला: 'बाइंडरवरील संशोधनाबाबत'. दोन दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'ग्रंथालयाची पुस्तके बांधणाऱ्या इसमाशी संपर्क साधावा.'

मी तडक केबिनमध्ये गेले आणि पंधरा मिनिटं बॅटरी समजावून सांगितली. प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दुसऱ्या कागदावर परवानगीची सही केली आणि मी दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाले, "तरी त्या माणसाला एकदा भेटाच. काम फार चांगलं आहे त्याचं."

मला त्या दिवशी फार अपमान वाटला.

पहिला प्रयोग मी भाताच्या पेजेचा केला. मूलमध्ये राहून भाताकडे दुर्लक्ष करणं बरं दिसलं नसतं. पेज आटवून तिची खळ केली, ग्राफाइट घोटून तिच्यात कालवलं आणि ब्रशने तांब्याच्या पत्रीवर सारवलं. थर सुरेख वाळला. दिवाळीची सुटी लागत होती, म्हणून मी सगळ्या पट्ट्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. सुटी संपवून आले तर पट्ट्यांवर काळं जवळपास काहीच उरलं नव्हतं. झुरळांनी खळीसकट ग्राफाइट खाल्लं होतं आणि तांब्यावर नुसते नकाशे राहिले होते.

मी डॉक्टरसाहेबांना फोन केला.

"झुरळं मेली का?" त्यांनी विचारलं.

"एकही मेलेलं दिसलं नाही, सर."

"मग बिनविषारी आहे असं टिपून ठेवा. आणि दुसरं काहीतरी घ्या."

दुसरा प्रयोग केला किराणा दुकानातल्या बाभळीच्या डिंकाचा. तो थर वाळताना उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, तळासारखा भेगाळला. पट्टी जरा वाकवली की पापुद्रे सुटून टेबलावर पडायचे. पंधरा दिवस मी पाणी कमी-जास्त करून पाहिलं, मग नाद सोडला.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तोंड पाडून बसले होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना बॅटरीचं काही कळत नव्हतं, पण डिंकाचं कळत होतं. "दुकानातला डिंक कामाचा नाई," त्या म्हणाल्या. "त्याच्यात काय काय मिसळवते ते लोकं. धावड्याचा आण. कुरखेड्याले माही बहीण हाये न, तिले घेऊन बाजारात जाय."

अशी मी फाल्गुनातल्या एका बाजाराच्या दिवशी कुरखेड्याला मावससासूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. मावससासूबाई म्हणजे गावातली प्रत्येक बाई कुणाची कोण हे तोंडपाठ असलेली व्यक्ती. घर एसटी स्टँडला लागून, आणि घराला लागून एसटीडी बूथ. त्यांनी मला चहा पाजला आणि हाताला धरून बाजारात नेलं.

डिंकवाली बाई एका कोपऱ्यात बसली होती. साठीची असावी. हातभर गोंदण, केस घट्ट मागे बांधलेले, समोर सागाच्या पानांवर मोहफुलं, चारोळी आणि डिंकाचे तीन ढीग. ती जंगलातल्या गावाहून चालत आली होती आणि शेजारणीशी गोंडीत बोलत होती. मी पर्समधून भिंग काढलं आणि एकेक खडा डोळ्यांजवळ धरून बघायला लागले. मावससासूबाई बाजूला चारोळीची घासाघीस करत होत्या.

"धावड्याचा कोणता आणि कुलूच्या झाडाचा कोणता? मला वेगवेगळा पाहिजे," मी म्हटलं. "एकात एक मिसळलेला नको."

"येवढा निवडून घेते, काऊन वं?" बाईने विचारलं. "तुह्यासाठीच पायजे का?"

"हो, माझंच काम आहे."

बाईचा चेहरा खुलला. "असं का! मंग कदी हाये?"

माझा डोळा भिंगाला होता आणि डोक्यात फक्त प्रबंध होता. मला वाटलं, निकाल कधी लागणार असं विचारते आहे. "अजून पाच-सहा महिने तरी लागतील," मी म्हटलं. "आत्ता कुठे सुरुवात आहे."

माझ्या बाजूची चारोळीची घासाघीस एकदम थांबली. ते मला जाणवलं, पण मी लक्ष दिलं नाही.

"पयलंच हाये का?"

"नाही, तिसरं. आधीची दोन टिकली नाहीत."

"अई माय!" बाईने हात छातीवर ठेवला. "असं कसं झालं वं?"

इतक्या आपुलकीने माझ्या संशोधनाची चौकशी त्याआधी कुणीच केली नव्हती. मी भिंग खाली ठेवून तिला नीट सांगितलं. "पहिलं दिवाळीतच गेलं. सुटी होती, माझं लक्ष राहिलं नाही. आणि दुसरं धरलंच नाही. पंधरा दिवसांत सुटलं."

बाईने शेजारणीला गोंडीत काहीतरी सांगितलं. शेजारणीने चुकचुक केलं आणि माझ्याकडे डोळे भरून पाहिलं.

"डाक्तरले दाखवलं का?"

"डॉक्टरसाहेबच तर म्हणाले, जंगलात बघा काही मिळतं का."

हे ऐकून बाईने मान डोलावली. शहाणा डॉक्टर दिसतो, असा तिचा भाव होता. तिने धावड्याच्या ढिगातले स्वच्छ, मधाच्या रंगाचे खडे स्वतः वेचले, वेगळे बांधले, वर आणखी मूठभर टाकले. कुलूच्या डिंकाची वेगळी पुडी केली. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "या बारीनं धरंल," ती म्हणाली. "भेऊ नको. जड उचलू नको."

जड उचलू नको हे मला जरा विचित्र वाटलं. पण वाटलं, पिशवीबद्दल म्हणत असेल.

मावससासूबाईंनी पिशवी माझ्या हातातून काढूनच घेतली. स्टँडवर त्यांनी भांडून मला खिडकीची जागा मिळवून दिली, ड्रायव्हरला "गाडी आस्ते आस्ते चालवा भाऊ" असं दोनदा बजावलं आणि माझ्या गालावरून हात फिरवताना त्यांचे डोळे पाणावले. गाडी सुटताना मी मागे वळून पाहिलं तर त्या एसटीडी बूथमध्ये शिरत होत्या.

गडचिरोलीला गाडी बदलून मूलला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दारात सासूबाई पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो माझ्यावरून ओवाळून टाकला. लग्नाच्या दिवशी नवी नवरी म्हणून उंबऱ्याशी आले होते, त्यानंतर हे कधी झालं नव्हतं. मी पिशवी ठेवायला गेले तर त्यांनी ती हातातून घेतली. "पडून राह्य," म्हणाल्या. नवरा गच्चीवरून खाली आला, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत वर गेला. मी दिवसभराच्या प्रवासाने इतकी शिणले होते की जेवले आणि झोपले.

सकाळी जाग आली ती तुपाच्या वासाने. सोबत कढईत काहीतरी तडतडत होतं. मी उठून गेले तर सासूबाई धावड्याचा डिंक तळत होत्या. परातीत खोबरं, खारीक आणि गूळ. डिंकाचे खडे फुलून लाह्यांसारखे पांढरे झाले होते.

"आई, ते माझं सँपल आहे!"

"सँपल का म्हणतं?" त्या म्हणाल्या. "तुह्याचसाठी तं करून राह्यली."

"मला लाडू नकोत हो! डिंक पाहिजे!"

सासूबाईंनी गॅस बंद केला. झारा खाली ठेवला आणि ओट्याला टेकून खाली बसल्या. पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. तोवर मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"दोनदा झालं," त्या म्हणाल्या, "आन् मले एक शब्द नाई सांगतला. मी परकी हाओ का? दिवाळीत तुह्यासंग येवढं झालं आन् मी तुले घर झाडाले लावलं."

कुरखेड्याच्या बाजारातला एकेक शब्द तेव्हा माझ्या डोक्यात परत वाजला. कधी आहे. पहिलंच का. धरलं नाही. मी तिथेच फरशीवर त्यांच्यासमोर बसले. हसू आवरेना आणि हसणं शक्य नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी पदराआडून ऐकलं.

"म्हंजे पोटात काई नाई?"

"नाही हो आई."

"आन् आधी बी नोतं?"

"नव्हतं."

"मंग दिवाळीत गेलं ते कोणतं?"

"ते झुरळांनी खाल्लं."

मी आत जाऊन बाभळीच्या डिंकाची एक पट्टी आणली, त्यांच्यासमोर वाकवली आणि काळे पापुद्रे फरशीवर पडले. "हे दुसरं," मी म्हटलं. "पंधरा दिवसांत सुटलं ते हे." त्यांनी एक पापुद्रा बोटावर घेऊन निरखला, फुंकर मारून उडवला आणि म्हणाल्या, "मॅडम, आता फरशी तुमीच पुसा."

दोन दिवस मी मॅडमच राहिले. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता त्या एकदम हसायला लागल्या, इतक्या की सूप खाली ठेवावं लागलं. "गाडी आस्ते चालवा म्हणे!" त्यांनी डोळे पुसले. नवराही हसला, पण जपून. दिवाळीत नक्की काय गेलं याचा हिशोब करत त्याने एक रात्र तळमळून काढली होती.

त्या तीन वर्षांत मूलमधल्या पुष्कळ बायकांनी मला विचारलं होतं, काही बातमी आहे का म्हणून. सासूबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं. मी समजत होते की त्यांना माझ्याशी घेणंदेणं नाही. त्या दिवशी त्या रडल्या तेव्हा मला कळलं की त्या मुद्दामच विचारत नव्हत्या. मला बाळाची घाई नव्हती, हे मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी जास्त बोलायला लागलो. मावससासूबाईंना मात्र खरं पटलंच नाही. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या बहिणीला म्हणाल्या, "नजर लागंन म्हणून लपवून राह्यली ते. तू बोलू नको तिले."

सगळा स्वच्छ डिंक लाडवांत गेला होता. माझ्या वाट्याला सालींचे तुकडे चिकटलेला, तपकिरी, उरलासुरला डिंक आला. कुलूच्या डिंकाकडून मला थोडी आशा होती, पण तो पाण्यात विरघळायला तयारच होईना. नुसता फुगत गेला. दोन दिवसांनी तो बीकरच्या काठावरून बाहेर उतरला होता.

सासूबाईंना लाडवांचं मनाला लागलं होतं. त्यांनी उरलेला धावड्याचा डिंक कोमट पाण्यात भिजवला, जुन्या लुगड्याच्या मऊ कापडातून तीनदा गाळला आणि बरणी माझ्यापुढे ठेवली. "तू गाळत नोती का?" त्यांनी विचारलं. मी गाळत नव्हते. एम.एस्सी.ला पहिली आले होते, आणि डिंक गाळून घ्यावा हे मला सुचलं नव्हतं. त्या बरणीतल्या डिंकाचा थर पहिल्यांदाच बिनखड्यांचा, सरळ आला. पूड घट्ट धरली. पण पेन्सिलीभोवती गुंडाळली की पट्टी अजूनही तडकायची.

पुढच्या खेपेला नागपूरला जाताना मी लाडवांचा डबा नेला. डॉक्टरसाहेबांनी दोन खाल्ले. "झाड कोणतं?"

"धावडा."

"चव उत्तम. चिकटतो का?"

"चिकटतो, सर. पण वाकत नाही."

"मग वाकवा," ते म्हणाले आणि तिसरा लाडू घेतला.

एवढ्या मार्गदर्शनावर मी महिनाभर ओव्हनची उष्णता बदलत बसले. शेवटी एका दुपारी, तासिका संपल्यावर, इकडेतिकडे बघत, कुणी सहकारी दिसत नाही अशी खात्री करून मी ग्रंथालयाच्या बाइंडरकडे गेले.

परकोटाच्या आतल्या एका अरुंद गल्लीत त्याचं दुकान होतं. पिढ्यान्‌पिढ्या जिल्द बांधणारं मुसलमान कुटुंब. म्हातारबाबा एकटेच बसले होते, मांडीवर शाळेचं हजेरीपुस्तक. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मी ओळख सांगितली आणि माझी काळी पट्टी पुढे केली. ती त्यांनी हातात घेतली, वास घेतला आणि मी थांबवायच्या आत जिभेवर टेकवली.

"चाचा, नका! ते ग्राफाइट आहे!"

"धावडा," ते म्हणाले. जीभ काळी झाली होती. "अकेला गोंद डाला ना?"

"हो. पूड धरतो, पण वाकवलं की तडकतो."

"तडकेलच. बाई, किताब रोज खुलेगी, रोज बंद होगी. पाठीला नुस्ता गोंद लावला तर चार दिवसांत कडकन तुटते. गोंद पकडून ठेवते, पण त्याले वाकता येत नाई." त्यांनी बाजूचं मडकं पुढे ओढलं. त्यात डिंकाच्या पाण्यात थोडा पांढरा, लवचीक गोंद कालवलेला होता. "म्हणून हे मिलवतो. थोडंसं. जास्त झालं तर पानं सरकतात."

मी मडक्याकडे बघतच राहिले. रोज फुगते, रोज आकसते. रोज उघडते, रोज मिटते. डॉक्टरसाहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं हेच होतं, आणि प्राचार्यांनी मला बरोबर माणसाकडे पाठवलं होतं.

"ये लावलं कशानं?" चाचांनी विचारलं.

"ब्रशने."

"ब्रशनं घर रंगवतात." त्यांनी माझ्याकडची कोरी पत्री मागून घेतली, काचेवर ओल्या बोटाने सपाट बसवली, दोन्ही कडांना जाड कागदाच्या पट्ट्या ठेवल्या, मधे माझं काळं मिश्रण ओतलं आणि लोखंडी पट्टी एकदाच, न थांबता, स्वतःकडे ओढली. इतका एकसारखा थर माझ्या हातून सहा महिन्यांत आला नव्हता. "अब छांव में सुखाव. घाईनं भट्टीत टाकू नको. वरून सुखते, आतून ओलं राहते, मग आकसते."

पांढऱ्या गोंदाच्या जागी मी डॉक्टरसाहेबांकडून रबराचं दूध मागवलं. डिंकात ते थोडंसंच घातलं, चाचांच्या पद्धतीने थर ओढला, आधी सावलीत आणि मग ओव्हनमध्ये वाळवला. पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळली. काही झालं नाही. उलटी गुंडाळली. तरी काही नाही. चिकटपट्टी लावून खर्रकन ओढली, तर चिकटपट्टीला नुसती काळी झाक आली.

मी पळतच चाचांकडे गेले. त्यांनी पट्टी दहा वेळा वाकवली, नखाने खरवडली, उजेडात धरली. "हां," ते म्हणाले. "अब बांधो."

"काय बांधू?"

"किताब." मी तीनदा बॅटरी समजावून सांगितली होती. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली होती आणि मनाशी ठरवलेलं बदललं नव्हतं. "तांबे की किताब कौन पढेगा मालूम नाही, पण टिकंल."

त्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत बंद करून दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथे डॉक्टरसाहेबांचे एक मित्र हवा-पाणी न लागणाऱ्या काचेच्या पेटीत हात घालून बटणाएवढ्या बॅटऱ्या बनवायचे. पुढे महिनाभर काही कळलं नाही. मग एका रविवारी सकाळी गच्चीवरून नवऱ्याने हाक मारली. मी टाकीजवळ धावले.

"चालते आहे," डॉक्टरसाहेबांचा आवाज तुटत तुटत येत होता. "पुन्हा पुन्हा चार्ज करून उतरवली. परदेशी मालाच्या थोडी मागे आहे. पण चालते आहे. पूड सुटलेली नाही."

मी कठड्यावरून खाली ओरडले, "आई, धरलं! या वेळी धरलं!"

शेजारच्या गच्चीवर काकू मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी मिरच्या तशाच टाकल्या आणि हात जोडून वर बघितलं. दुपारपर्यंत आमच्याकडे सहा बायका येऊन गेल्या. सासूबाई प्रत्येकीला पाणी देत होत्या आणि सांगत होत्या, "नाई वं, ब्याटरीचं हाये ते." कुणाचाही विश्वास बसत नव्हता. शेवटी त्या कंटाळल्या आणि नुसतंच "हो" म्हणायला लागल्या.

प्रबंध लिहून व्हायला पुढे दोन वर्षं गेली. तो बांधायला मी चाचांकडेच देणार होते, पण विद्यापीठाचे पाठीचे रंग आणि सोनेरी अक्षरं ठरलेली, ती नागपूरलाच व्हायची. चाचांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर नाराज झाले. मी त्यांना बांधलेली प्रत नेऊन दाखवली. त्यांनी ती मधोमध उघडली, पाठीतून कर्रर आवाज आला आणि ते नुसते माझ्याकडे बघून हसले. आभाराच्या पानावर त्यांचा उल्लेख होता, तो मी वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते, सूट घातलेले. त्यांनी पानं चाळून विचारलं, "हा डिंक कोणत्या कंपनीचा? शुद्धतेची प्रत काय?"

"कंपनी नाही सर. कुरखेड्याच्या बाजारातली बाई आहे."

"तिची गुणवत्ता तपासणी?"

"ती स्वतः वेचून देते, सर. आणि माझ्या सासूबाई गाळतात."

मग डॉक्टरसाहेब म्हणाले, "गाळण्याची पद्धत चौथ्या प्रकरणात आहे," आणि परीक्षकांनी ते प्रकरण काढून खरंच वाचलं. शेवटी त्यांनी उठून माझं अभिनंदन केलं.

या डिंकाचा कारखाना झाला नाही. धावड्याचा डिंक दर मोसमात वेगळा निघतो, कधी घट्ट, कधी पातळ, आणि कारखान्याला दरवेळी सारखाच माल लागतो. पुढे दुसऱ्यांनी दुसरे पाण्यात विरघळणारे बाइंडर काढले आणि ते चालले. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण फार दिवस वाटलं नाही.

मूलमध्ये मात्र मी बॅटरी बनवते ही बातमी पसरली. लोक फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या घेऊन दारात यायला लागले. एकाने तर ती भाकरीसारखी थापटून सपाट करून आणली होती. मी त्यांना हात जोडून सांगायचे, हिला टोचू नका, उन्हात ठेवू नका, नवी घ्या. एका सकाळी पलीकडच्या भाताच्या गिरणीचे मालक आले. त्यांच्या ट्रकची बॅटरी दोन हमालांनी उचलून आमच्या ओट्यावर आणून ठेवली.

"भाऊ, ही शिशाची बॅटरी आहे," मी म्हटलं. "माझं काम वेगळ्या बॅटरीवरचं आहे. मला यातलं काही कळत नाही."

"अवो मॅडम, ब्याटरी म्हंजे ब्याटरीच," ते म्हणाले. "पाहून तं घ्या."

हमाल उभे, मालक उभे, सासूबाई दारात उभ्या. मी झाकणं उघडून आत डोकावले. आतलं पाणी आटलं होतं, पत्रे उघडे पडले होते. कॉलेजातून आणलेलं ऊर्ध्वपातित पाणी घरात होतं, ते सहाही कप्प्यांत भरलं आणि म्हटलं, "आता नेऊन चार्ज करून बघा." संध्याकाळी ट्रक आमच्या दारासमोर येऊन उभा राहिला आणि मालकांनी आनंदाने तीनदा हॉर्न वाजवला.

माझ्या आयुष्यात पहिल्याच फटक्यात जमलेला प्रयोग तेवढा एकच.